बाहुलीला चालता येत नव्हतं म्हणून

व्हर्जिल ट्रेसी दिवाणखान्यातल्या एका मोठ्या चित्राला पाठ टेकवून उभा राहतो. चित्र मागे कलतं, त्याच्याबरोबर तोही उताणा होतो आणि डोक्याकडून एका घसरगुंडीत शिरतो. मध्येच दिशा बदलत तो खाली खाली जातो आणि शेवटी एका प्रचंड हिरव्या विमानात, चालकाच्या खुर्चीत अलगद येऊन बसतो. त्याचा थोरला भाऊ स्कॉट भिंतीवरचे दोन दिवे धरतो, आणि भिंतच फिरून त्याला पलीकडे नेते. धाकटा ॲलन सोफ्यावर बसतो आणि सोफ्यासकट जमिनीखाली जातो. १९६५ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘थंडरबर्ड्स’ या मालिकेतली ही दृश्यं. ज्यांनी ती लहानपणी पाहिली, त्यांना त्या भागांची कथानकं आठवतीलच असं नाही, पण घसरगुंडी हटकून आठवते.

या घसरगुंड्या, फिरत्या भिंती, खाली जाणारे सोफे आले कुठून? बाहुल्यांना चालता येत नव्हतं म्हणून आले. दोरीवरची बाहुली चालू लागली की पाय जमिनीला टेकतात न टेकतात, कंबर डुलते आणि वीर पुरुषाचा रुबाब क्षणात जातो. तेव्हा माणसाला इथून तिथे न्यायचं तर कशात तरी बसवून न्या, असा मार्ग निघाला. माझं सगळं म्हणणं या अडचणीभोवतीच आहे. बाहुल्यांच्या साहसमालिका साठ वर्षांनीही मुलांना धरून ठेवतात त्या बाहुलीच्या मर्यादांवर मात केल्यामुळे, असं सहसा म्हटलं जातं. मला वाटतं, त्या मर्यादांनीच या मालिकांना गोष्ट दिली. आणि मुलांसाठी काय बनवावं, कशावर पैसा घालावा याचा विचार करणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यायला हवं.

मराठीत दोरीवरच्या बाहुलीला कळसूत्री बाहुली म्हणतात. हा सुंदर शब्द आपण राजकारणातल्या टीकेपुरता शिल्लक ठेवला आहे. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ इथल्या औद्योगिक वसाहतीत जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या चमूने ज्या बाहुल्या घडवल्या, त्यांना हा शब्द अक्षरशः लागू पडतो. बाहुली साधारण २२ इंचांची. डोक्यात विद्युतचुंबकावर चालणारी कळ, वर बारीक धातूच्या तारा. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असत. त्या आवाजावरून तयार झालेला विजेचा संकेत तारेतूनच डोक्यात उतरे आणि शब्दाबरोबर ओठ हले. बाहुली धरणारी तार आणि तिला बोलतं करणारी तार एकच. ही कळ मावावी म्हणून डोकं शरीराच्या मानाने मोठं करावं लागलं, आणि त्या मोठ्या डोक्यामुळेच या माणसांना लहान मुलासारखा एक जिव्हाळ्याचा चेहरा मिळाला. हसरं, कपाळाला आठ्या घातलेलं, डोळे मिटणारं अशी निरनिराळी डोकी तयार असत आणि प्रसंग पाहून बदलली जात. बटण दाबायची वेळ आली की पडद्यावर चक्क खऱ्या माणसाचा हात दिसे.

एवढं सगळं करूनही या बाहुल्यांना एक गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे मारामारी. डझनभर तारांना लटकलेल्या दोन बाहुल्यांनी एकमेकांची गचांडी धरली तर उरतो तो गुंता. मग साहस म्हणजे काय दाखवायचं? अँडरसन यांना उत्तर सापडलं ते एका खऱ्या दुर्घटनेत. २४ ऑक्टोबर १९६३ रोजी पश्चिम जर्मनीत लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत वरच्या तलावाचं पाणी आणि गाळ घुसला. २९ माणसं मेली. सगळ्यांनी आशा सोडल्यावर जुन्या खोदकामाच्या एका पोकळीत काही जण जिवंत असल्याचं कळलं आणि ७ नोव्हेंबरला, चौदा दिवसांनी, ११ जणांना एका अरुंद छिद्रातून वर काढलं. त्या सुटकेसाठी लागणारं खोदण्याचं यंत्र लांबून आणावं लागलं होतं आणि त्यात मोलाचा वेळ गेला. अशी यंत्रं कुठेतरी कायम सज्ज असती तर, हा अँडरसन यांच्या मनात आलेला प्रश्नच मालिकेचा पाया ठरला. एका बेटावर राहणारा बाप, त्याचे पाच मुलगे, पाच मुख्य यानं आणि हाक आली की जगात कुठेही जाऊन माणसं वाचवायचं काम. मुलांची नावं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून घेतलेली. पाचवा भाऊ जॉन अवकाशस्थानकात बसून जगभरच्या हाका ऐकतो.

मुलांच्या साहसकथेत शत्रू लागतोच, हा समज किती खोल रुजला आहे ते आजची कोणतीही कार्टून वाहिनी तासभर पाहिली तरी कळतं. ‘थंडरबर्ड्स’मध्ये खलनायक आहे, पण बऱ्याच भागांत त्याचं काही काम नाही. संकट येतं ते यंत्र बिघडल्यामुळे, कुणाच्या घाईमुळे, कुणीतरी गाफील राहिल्यामुळे. एका भागात जंगल तोडत पुढे जाणारं अजस्र यंत्र थांबत नाही, कारण आतले चालक अन्नातून विषबाधा होऊन बेशुद्ध पडले आहेत. दुसऱ्या भागात लष्कराचं पायांवर चालणारं अवाढव्य वाहन जमीन खचून खड्ड्यात पडतं. पहिल्याच भागात अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘फायरफ्लॅश’ या प्रवासी विमानाच्या चाकांजवळ बॉम्ब लपवलेला असतो. चाकं टेकली की स्फोट. फार वेळ हवेत राहिलं तर अणुभट्टीचा किरणोत्सर्ग प्रवाशांपर्यंत पोचणार. हा बॉम्ब खलनायकानेच ठेवला आहे, तरीही भागाचा कळस त्याच्याशी झुंजण्यात नाही. धावपट्टीवर सपाट पाठीच्या तीन गाड्या विमानाच्या वेगाने धावतात आणि विमान चाकं न काढता त्यांच्या पाठीवर उतरतं. मध्येच एक गाडी भरकटते, तिच्या जागी दुसरी आणावी लागते. आठ-नऊ वर्षांचं मूल यातून काय घेतं? वेग जुळवावा लागतो, वजन वाटून घ्यावं लागतं, पहिला उपाय फसला तर दुसरा हाताशी हवा. हरवायला समोर कुणी नसताना छातीत धडधड होते, हा अनुभव मला मुलांच्या मनोरंजनात फार दुर्मीळ आणि फार मोलाचा वाटतो.

मोठी माणसं या मालिकेबद्दल तक्रार करतात ती संथपणाची. दोन नंबरचं यान निघायचं तर आधी कडा उघडतो, मग ते हळूहळू बाहेर सरकतं, दोन्ही बाजूंची नारळासारखी झाडं मागे लवतात, उतार उचलला जातो आणि मग उड्डाण. भागामागून भाग हेच. लांबीचं एक व्यावहारिक कारणही होतं. कंपनीचे प्रमुख लू ग्रेड यांना पहिला भाग इतका आवडला की अर्ध्या तासाची आखणी बदलून त्यांनी तासाची मालिका मागितली, आणि आधीच चित्रित झालेले भाग ताणून वाढवावे लागले. पण मूल तो क्रम ज्या डोळ्यांनी पाहतं ते डोळे आपण विसरलेलो असतो. गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या भाचीबरोबर मी काही भाग पाहिले. चौथ्या भागात झाडं लवू लागली तशी मी ते दृश्य पुढे ढकलायला हात नेला. तिने हात धरला. “मामा, थांब ना. अजून उतार वर झाला नाही.” आरतीतलं कडवं गाळलं की लहान मूल मोठ्यांना थांबवतं, तसं. पुढे काय होणार ते पक्कं माहीत असणं ही तिच्यासाठी कंटाळ्याची गोष्ट नव्हती. संकटात सापडलेल्या माणसांकडे मदत निघाली आहे आणि ती नेमक्या याच क्रमाने निघते, हा तिचा भरवसा होता.

तिला तारा दिसल्या का? दिसल्या. तिसऱ्या मिनिटाला तिने बोट दाखवलं, मी हो म्हणालो आणि विषय तिथे संपला. आपण मोठे लोक उगीचच असं धरून चालतो की दोरी दिसली की विश्वास तुटतो. मुलं स्वतः खेळतात तेव्हा बाहुली त्यांच्याच हातात असते. ती आपणच हलवतो आहोत हे ठाऊक असूनही बाहुली आजारी पडते, तिला औषध द्यावं लागतं. बाहुलीच्या चेहऱ्यावर जे नाही ते मूल आपल्याकडचं घालतं. पडद्यावरचा चेहरा जितकं कमी करतो, तितकं मुलाला करायला उरतं. हुबेहूब चितारलेल्या, पापणीचा प्रत्येक केस हलणाऱ्या चेहऱ्यापुढे मुलाला तयार भावना मिळते. ती वाईट असते असं मी म्हणत नाही, पण मग मुलाच्या वाट्याला फक्त बघणं येतं.

याहून मोठा आनंद वस्तूंचा आहे. डेरेक मेडिंग्ज यांनी या मालिकेची यानं, पूल, विमानतळ, स्फोट उभे केले. पुढे बाँडपटांसाठी काम केलेले आणि ‘सुपरमॅन’च्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्करच्या विशेष पुरस्काराचे मानकरी ठरलेले ते हेच. छोटी प्रतिकृती पडली की ती खेळण्यासारखी टणकन पडते. तिला टनावारी वजन यावं म्हणून कॅमेरा नेहमीच्या कितीतरी पट वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर तेच पडणं संथ आणि जड होतं. नवी कोरी यानं खोटी दिसतात, म्हणून त्यांना मुद्दाम मळवायचं, धुराचे डाग पाडायचे, रंग उडवायचा. बाजारातल्या जोडखेळण्यांचे सुटे भाग चिकटवून यंत्रांना तपशील आणायचा. एक नंबरच्या यानाच्या तळावरच्या भिंतीवर तर लिंबू पिळायचं प्लास्टिकचं भांडं लावलेलं आहे. हे कळल्यापासून मी तो भाग पाहताना भिंतीकडेच बघतो. त्याआधीच्या ‘स्टिंगरे’ मालिकेत पाण्याखालची दृश्यं कोरड्या जागेत, कॅमेऱ्यापुढे माशांची अरुंद काचपेटी ठेवून घेतली होती. पेटीतले मासे बाहुल्यांच्या पुढून पोहत जातात आणि आपण समुद्रतळाशी पोचतो.

हाताने केलेल्या या जगाला मूल हातानेच उत्तर देऊ शकतं. याचा पुरावा १९९२-९३चा आहे. बीबीसीने मालिका पुन्हा दाखवायला घेतली होती आणि नाताळात ट्रेसी बेटाचं खेळणं दुकानांत मिळेनासं झालं. तेव्हा बीबीसीच्याच मुलांच्या कार्यक्रमात ते बेट घरच्या पुठ्ठ्याच्या, टाकाऊ डब्यांच्या आणि कागदाच्या लगद्याच्या मदतीने कसं करायचं ते दाखवलं. कृतीचा कागद मागणाऱ्या पत्रांचा बीबीसीवर अक्षरशः पूर लोटला. सत्तावीस वर्षं जुन्या मालिकेसाठी. संगणकावर घडवलेल्या शहराचं घरी काय करता येतं? त्याची चित्र छापलेली पाण्याची बाटली विकत घेता येते. माझ्या भाचीने मात्र त्या आठवड्यात एका काड्यापेटीवर ४ हा आकडा लिहिला, कारण चार नंबरची पाणबुडी दोन नंबरच्या यानाच्या पोटात बसवायच्या चौथ्या डब्यातून जाते.

या मालिकेचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मात्र नाही. तिचा कायमचा खलनायक ‘हूड’ हा पूर्वेकडचा, टक्कल आणि चमकणारे डोळे असलेला, देवळात मूर्तीपुढे मंत्रतंत्र करणारा माणूस आहे. आग्नेय आशियातला गूढ दुष्ट, ही साम्राज्याच्या काळातली जुनी सवय त्यात उघड दिसते. त्याचाच सावत्र भाऊ ट्रेसींच्या घरी नोकर आहे. त्या नोकराची मुलगी टिन-टिन शिकलेली तंत्रज्ञ, पण बहुतेक वेळा तिच्या हाती सरबताचा पेला. लेडी पेनेलोपी गुलाबी, सहा चाकांच्या रोल्स-रॉइसमधून हेरगिरी करते आणि कुणाला घाबरत नाही, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती, पण संकटाच्या जागी धावून जाणारे पाचही जण मुलगेच. आपल्या मुलांना हे दाखवताना शेजारी बसावं आणि हे असं का दाखवलंय ते बोलावं. मी बोललो. भाचीने टिन-टिनला नेहमी तिसऱ्या यानात का नेत नाहीत असं विचारलं, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्याच मुद्द्याला छेद देणारी आहे. जेरी अँडरसन यांना बाहुल्यांचं प्रेम नव्हतं. त्यांना माणसांचे चित्रपट काढायचे होते. १९५७ साली हाती आलेलं पहिलं मोठं काम बाहुल्यांचं निघालं तेव्हा ते हिरमुसले होते. आपलं काम पाहून कुणीतरी खऱ्या चित्रपटाला बोलवेल या आशेने ते बाहुल्यांना जास्तीत जास्त माणसासारखं करत गेले. म्हणजे मर्यादा आपोआप फळत नाही. तिच्याशी जिद्दीने झगडणारा लागतो. पण झगडा जिंकल्यावर काय झालं तेही पाहा. १९६७च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये डोक्यातली कळ छातीत नेली आणि बाहुल्या अगदी माणसाच्या प्रमाणात आल्या. दिसायला देखण्या, पण हालचालीत अधिक ताठ, चेहऱ्यात गार. गोष्टही बदलली. आता मंगळावरच्या शत्रूशी युद्ध होतं आणि पुन्हा पुन्हा मरून उठणारा नायक. १९६९च्या ‘द सीक्रेट सर्व्हिस’मध्ये तर चालायचं दृश्य आलं की बाहुलीच्या जागी खरा नट चालू लागला. तेरा भागांत ती मालिका बंद झाली आणि स्लाऊचा तो बाहुल्यांचा कारखानाही तिथेच थांबला. चालण्याचा प्रश्न सुटला त्या दिवशी बाहुलीचं काम संपलं.

बाहुलीला मारामारी जमत नाही हे म्हणणं दोरीच्या बाहुलीपुरतंच खरं आहे. तैवानमध्ये हातात घालून नाचवायची बाहुली आहे. ती हलकी असते, वर फेकून झेलता येते, तलवार फिरवते, कोलांट्या मारते. १९७० साली हुआंग चुन-शिउंग यांनी तिथल्या दूरचित्रवाणीवर या बाहुल्यांची शूर पंडिताची मालिका आणली. ती ५८३ भाग चालली आणि लोक कामधंदा सोडून तिच्यापुढे बसू लागले. १९७४ साली सरकारने ती बंद पाडली. शेती-उद्योगाच्या कामात व्यत्यय येतो हे कारण दिलं गेलं, पण बाहुल्या मंदारिनमध्ये न बोलता लोकांच्या तैवानी बोलीत बोलत होत्या हेही विसरू नये. तिथली परंपरा मेली नाही. आज ती संगणकाचे परिणाम वापरते, पण बाहुली हाताचीच ठेवते. हातातल्या बाहुलीतून तलवारबाजी निघाली, दोरीच्या बाहुलीतून सुटका. साधन बघून गोष्ट रचणारे कारागीर दोन्हीकडे होते.

२००४मध्ये ‘थंडरबर्ड्स’चा माणसांचा चित्रपट निघाला आणि पडला. त्यात आश्चर्य नाही. धावू शकणाऱ्या धडधाकट नटाला घसरगुंडीतून नेण्याचं कारणच उरत नाही. २०१५ साली संगणकावर नवी मालिका झाली, ती मात्र चांगली चालली, आणि तिच्या कर्त्यांनी पात्रं संगणकावर केली तरी बेट, तळ, इमारती न्यूझीलंडमध्ये खऱ्याखुऱ्या प्रतिकृती बांधून चित्रित केल्या. कशात जीव आहे ते त्यांनी ओळखलं होतं. त्याच वर्षी चाहत्यांनी पैसे गोळा करून, साठच्या दशकातल्या मूळ कलाकारांच्या ध्वनिफितींवर, जुन्या पद्धतीने तारांच्या बाहुल्यांचे तीन नवे भाग केले.

पण हे चाहत्यांच्या वर्गणीवर सोडायचं काम आहे का? ब्रिटनमध्ये मुलांच्या कार्यक्रमांसाठी २०१९ साली सरकारने ५ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतचा निधी प्रायोगिक म्हणून सुरू केला आणि तीन वर्षांत बंद केला. आपल्याकडे १९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘किलबिल’ची वाट पाहिलेली पिढी आता आजी-आजोबा होते आहे. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्या, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो ससासुद्धा, या पिढीला बोलायचा अवकाश की आठवतात. मराठी मुलांना मराठीतून दर आठवड्याला नवी गोष्ट सांगणारी बाहुली आज आपल्या पडद्यावर मला दिसत नाही.

कळसूत्री मात्र आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ती सांभाळली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपण त्या कलेकडे जातो ते माहितीपट काढायला, लोप पावत चाललेली कला म्हणून हळहळायला. माझी मागणी वेगळी आहे. सार्वजनिक वाहिनीने या कलाकारांना, सोबत प्रतिकृती करणारी तरुण मुलं, एक चांगला लेखक, एक संगीतकार देऊन मराठीतून सव्वीस भागांची नवी साहसमालिका करावी. चांगला मोबदला द्यावा आणि वेळ द्यावा. रामायणाचे खेळ त्यांचे ते करतातच. इथे सुटकेच्या गोष्टी असाव्यात. सह्याद्रीत अडकलेल्या गिर्यारोहकांच्या, पुरात वेढलेल्या वाड्यांच्या. आणि या वेळी दोर धरून खाली उतरणाऱ्यांत मुलीही असाव्यात.

पहिला भाग सिल्क्याराचा करावा. नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तराखंडातल्या त्या बोगद्यात ४१ मजूर सतरा दिवस अडकले होते. लेंगेडेसारखंच तिथेही मोठं यंत्र आणलं गेलं, ते मोडलं, आणि शेवटचे काही मीटर माणसांनी हातांनी खोदले. ढिगाऱ्यातून आत सरकवलेल्या सहा इंची नळीतून बाटल्यांमध्ये भरून खिचडी पाठवली होती. २२ इंचांच्या बाहुलीला खाली बसून वाट बघणं उत्तम जमतं. आणि भाग संपल्यावर घरात शोधलं तर नळीचा तुकडा सापडतो, बाटलीही सापडते.